दोनशे मिनिटांचा कागद : मोसमाआधी बास्केटबॉल संघ कसा बांधायचा

एक कोरा कागद घ्या आणि वर मधोमध २०० लिहा. मॅच चाळीस मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे एका मॅचमध्ये वाटायला तुमच्याकडे २०० मिनिटं असतात. ओव्हरटाइम झाला तर आणखी पंचवीस, पण त्यांचा हिशेब आधी धरू नये. कोणाला आणायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती पैसे द्यायचे, या मोसमाआधीच्या सगळ्या भांडणांचं मूळ या आकड्यात असतं आणि बहुतेकांचं उत्तरही त्यातच सापडतं.

नवी मुंबईतल्या एका क्लबचा सीनियर संघ मी बरीच वर्षं बांधतो आहे. आमचे खेळाडू पूर्ण पगारी नाहीत आणि निव्वळ हौशीही नाहीत. मॅच फी मिळते, प्रवासखर्च मिळतो, दोघा-तिघांना मोसमाचं मानधन असतं. पैसा दोन स्थानिक प्रायोजकांकडून आणि शनिवार-रविवारच्या कोचिंग बॅचच्या फीमधून येतो. सुरुवातीची वर्षं मी संघ बांधायचो तो नावं लिहून. मग एक सेमीफायनल झाली. सहा मिनिटं उरली होती, आम्ही नऊ पॉइंटांनी पुढे होतो आणि आमच्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्याला, पाचवा फाउल लागून तो बाहेर गेला. समोरच्या कोचने लगेच फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर आम्हाला अडवायला सुरुवात केली. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो, आणि तो नेऊ शकेल असा दुसरा माणूस माझ्या बाराच्या यादीत नव्हता. बेंचवर सहा फूट तीन इंचांचे तिघे मात्र बसलेले होते, एकाच जागेचे तिघे. चार पॉइंटांनी हरलो. चूक कोचची नव्हती. ती सहा मिनिटं मी चार महिन्यांपूर्वीच हरवून बसलो होतो.

आधी मागचा मोसम उलगडा

मागच्या वर्षीच्या सगळ्या स्कोअरशीट जमवा. घडी पडलेल्या, चहाचे डाग पडलेल्या, कशाही चालतील. अधिकृत स्कोअरशीटवर पॉइंट आणि फाउल मिळतात. पहिल्या पाचांच्या नावापुढे गोलातली फुली असते, नंतर आत आलेल्यांपुढे नुसती फुली. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर स्कोअर होतो तो पास), टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) आणि कोण किती मिनिटं खेळला हे तिथे नसतं. ते तुम्हालाच ठेवायला हवं. आमच्याकडे ज्युनियरमधली एक मुलगी दोनशे पानी वहीत ते लिहिते. मोबाइलवर मॅच शूट केली असेल तर रविवारी दुपारी बसून मिनिटं मोजता येतात. कंटाळवाणं काम आहे, पण संघबांधणीतलं सगळ्यात स्वस्त कामही हेच.

वहीतून चार गोष्टी काढा: शूटिंग किती टक्के, टर्नओव्हर किती, आपल्याच चुकलेल्या शॉटवर किती रिबाउंड परत मिळवले आणि फ्री थ्रो किती मिळाले. डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने मॅच कशाने जिंकली जाते याचे हेच चार घटक मांडले, आणि महत्त्वाचा क्रमही साधारण हाच लावला. शूटिंगचे टक्के काढताना थ्री-पॉइंटरला, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन पॉइंटांच्या शॉटला, दीडपट धरा. शंभर थ्रीपैकी पस्तीस गेले तर १०५ पॉइंट होतात, आणि टू-पॉइंटरवर तेवढेच मिळवायला शंभरात साडेबावन्न टाकावे लागतात. माझ्या संघात एक जण ‘तेहेतीस टक्केच मारतो’ म्हणून बदनाम होता. वही पाहिल्यावर कळलं, तो जवळपास सगळे थ्री मारायचा. ज्याला आम्ही शूटर म्हणत होतो त्याच्यापेक्षा हा दर शॉटमागे जास्त देत होता.

यानंतरच ‘आपल्याला काय कमी पडतं’ हा प्रश्न विचारा. वही उघडण्याआधी विचारलात तर सगळ्यांचं उत्तर एकच येतं: उंच माणूस.

२०० ची वाटणी

आता कागदाकडे या. हा माझा गेल्या मोसमाचा कागद. पहिले पाच ३२, ३०, २८, २८ आणि २४ मिनिटं, बेरीज १४२. उरली ५८. ती पाच जणांत: २०, १६, १२, ६, ४. झाले दोनशे. बाराच्या यादीतल्या दोघांच्या वाट्याला शून्य.

एवढ्यावर थांबू नका. जागेनुसार पुन्हा बेरीज करा, कारण खरी भोकं तिथे दिसतात. बॉल आणणाऱ्याची एक जागा, म्हणजे ४० मिनिटं. ३२ वाला माझा पॉइंट गार्ड. उरलेली आठ १६ वाल्याने घ्यायची आणि त्याची बाकीची आठ विंगवर, म्हणजे कडेच्या दोन जागांवर. आतल्या दोन जागा, म्हणजे रिंगजवळचे चार आणि पाच नंबर, मिळून ८० मिनिटं. २८, २४ आणि २० मिळून ७२ होतात. कमी पडलेल्या आठांपैकी चार एक ज्युनियर घेणार आणि चार मिनिटं आम्ही छोटा संघ खेळवणार, म्हणजे विंगवाला आत. विंगच्या ८० मिनिटांना मग ३०, २८, सोळावाल्याची आठ, १२ आणि ६ असे ८४ हाताशी येतात. त्यातली चार आत दिली, हिशेब बसला.

ज्या सेमीफायनलमध्ये मी हरलो तिचा कागद नंतर असाच मांडून पाहिला. बॉल आणणाऱ्याच्या रकान्यात ३६ आणि खाली रिकामं. आतल्या जागांवर मात्र पाच नावं, ८० मिनिटांसाठी भांडणारी.

राखीव पॉइंट गार्डबद्दल माझा हट्ट इथूनच आला. पहिल्या पाचानंतर सगळ्यात आधी तो शोधा. २०२५ च्या एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, फायनलमध्ये इंडियाना पेसर्स सातव्या मॅचपर्यंत लढले, त्यात टी. जे. मॅकॉनेल या राखीव गार्डचा वाटा मोठा होता. मोसमभर हा माणूस सरासरी अठराच्या आसपास मिनिटं खेळायचा. याच पेसर्सनी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध दोन मॅच खेळल्या होत्या. पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. आमच्या बॅचमधली काही मुलं अजून त्या आकड्यांनी शप्पथ घेतात.

कागदावर फाउलचाही एक रकाना हवा. पाच फाउलला माणूस बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. रिंगखाली खेळणारे तिघे म्हणजे पंधरा फाउल तुमच्या खिशात. दोघेच असतील तर दहा, आणि एकाला पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन लागले की कोच त्याला बसवणार. म्हणून २० मिनिटांचा तिसरा उंच खेळाडू स्कोअर करणारा नसला तरी चालेल. त्याला अंग लावता यायला हवं, रिबाउंडला माणूस अडवता यायला हवा आणि रेफ्रीशी वाद घालायची सवय नको.

उंचीबद्दल आणखी एक. रिंग ३.०५ मीटरवर आहे आणि ती हलणार नाही, त्यामुळे उंचीचा मोह मी समजू शकतो. तरी मोजायचं असेल तर बूट काढून उंची मोजा, आणि हात आडवे पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं मापही घ्या. सहा फूट एक इंचाचा लांब हातांचा, धावणारा पोरगा सहा फूट चारच्या थकलेल्या माणसापेक्षा जास्त रिबाउंड घेऊन जातो. हे मी पैसे मोजून शिकलो आहे. बाहेरून आणलेला एक उंच खेळाडू दुसऱ्याच आठवड्यात गुडघा धरून बसला. तो गुडघा जुना होता आणि मी विचारलंच नव्हतं.

पैसा

आकडे प्रत्येक क्लबचे वेगळे, म्हणून शंभर रुपयांत बोलू. चाळीस रुपये खेळाडूंकडे बघायच्या आधीच बाजूला काढा: कोर्टाचं भाडं, स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास, बॉल, फिजिओ, सरावमॅचचे रेफ्री. नवखे क्लब हे शेवटी काढतात, आणि जानेवारीत फिजिओ परवडत नाही.

उरलेल्या साठपैकी वीस सगळ्यांना सारखे, पण सरावाच्या हजेरीवर. तीस रुपये, मिनिटांच्या कागदाप्रमाणे. दहा राखीव, मोसमाच्या मध्यात लागतातच. आणि एक नियम मी स्वतःवर लादून घेतला आहे: खेळाडूंच्या पैशातला चौथा हिस्सा ओलांडून एका माणसावर खर्च करायचा नाही, तो कितीही मोठा असो.

एनबीएतही हा लगाम आहेच. तिथे सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, १९८४-८५ पासून आहे, आणि एका खेळाडूचा जास्तीत जास्त पगार त्याच्या अनुभवाच्या वर्षांप्रमाणे कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांवर बांधलेला असतो. पण कॅप मऊ आहे, ती ओलांडायच्या पळवाटा बऱ्याच आहेत. २०२४-२५ मध्ये कॅप १४ कोटी ६ लाख डॉलरच्या आसपास होती, आणि फिनिक्स सन्सच्या ड्युरँट, बुकर आणि बील या तिघांचेच पगार मिळून त्यापेक्षा जास्त. बाकीच्या जागा मग किमान पगारावर मिळतील त्यांनी भरल्या. ३६ मॅच जिंकले, ४६ हरले, प्लेऑफच्या बाहेर. त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटीने ६८ जिंकल्या आणि विजेतेपद घेतलं. त्यांच्याकडेही मोठा तारा होताच, पण त्यांच्या बेंचवरचा आठवा-नववा माणूस कुठल्याही मॅचमध्ये आत येऊन डिफेन्स लावू शकत होता. वाशीतल्या क्लबला सन्ससारखी उधळण परवडत नाही हे खरं. पण एका नावापायी बेंच रिकामं ठेवण्याची चूक शंभर रुपयांतही तितकीच सोपी असते.

ट्रायल कधी आणि कशी

आमच्याकडचे बहुतेक कोर्ट सिमेंटचे आणि उघडे. जूनमध्ये पाऊस आला की कडेने शेवाळ धरतं, आणि सप्टेंबरपर्यंत त्यावर पळणं म्हणजे घोटा पणाला लावणं. इनडोअर हॉल तासावर मिळतात आणि ते तास बॅडमिंटनवाल्यांनी आधीच घेतलेले असतात. मे महिन्यात ट्रायल ठेवावी तर अर्धी पोरं गावी. म्हणून आमची ट्रायल एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात असते. परीक्षा संपलेल्या, सावंतवाडीच्या गाडीचं तिकीट अजून पुढचं. सकाळी साडेसहाला सुरू, नऊच्या आत बंद. त्यानंतरच्या उन्हात पळवलं तर खेळाडूचा दम कळत नाही, फक्त ऊन कळतं.

एका ट्रायलवर निर्णय घेऊ नका, किमान तीन ठेवा. पहिल्या दिवशी पाय बघायचे. साइडलाइन ते साइडलाइन, एका मिनिटात सतरा वेळा. दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा. पहिल्या खेपेला सगळे हिरो असतात. तिसऱ्या खेपेला रेषेला पाय न लावता कोण वळतो ते बघा.

दुसऱ्या दिवशी तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टवर, ड्रिबलशिवाय. ड्रिबल बंद केला की ज्याला बॉलशिवाय हलता येतं तो वेगळा दिसतो. गल्लीत वाढलेल्या आपल्या बऱ्याच पोरांना एकट्याने तिघांना चकवायची सवय असते. त्यांना हा ड्रिल अपमान वाटतो. त्या अपमानाचं ते काय करतात, तेही लिहून ठेवा.

तिसऱ्या दिवशी पूर्ण मॅच, खऱ्या रेफ्रीसकट. या दिवशी मी बॉलकडे बघतच नाही. शॉट चुकल्यावर, पास सुटल्यावर पुढची तीन सेकंदं तो माणूस काय करतो एवढंच बघतो: हात वर करून रेफ्रीकडे बघतो, की मान खाली घालून परत धावतो. बाहेर बसवल्यावर बेंचवर कुठे बसतो, फोन काढतो का, हेही. एकदा ट्रायलला आलेला एक पोरगा बाहेर बसल्या बसल्या शेजारच्या अनोळखी खेळाडूला सांगत होता, “तो डावीकडे जातच नाही रे, उजवी बाजू बंद कर.” त्याला मी त्याच दिवशी घेतला. तोच माझा सोळा मिनिटांचा माणूस.

लोकल, बारावी आणि नाइट शिफ्ट

संघबांधणीवरचं काहीही वाचा, हा भाग सापडत नाही. आणि आमच्याकडे निम्मे संघ इथेच मोडतात.

प्रत्येक नावापुढे तो कुठे राहतो ते लिहा आणि सरावाच्या वेळेला तो तिथून कसा येणार ते स्वतः एकदा करून बघा. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली २००४ मध्ये, आणि तिच्यामुळे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, अगदी ठाण्याच्या स्टेशनजवळचा खेळाडूही आमच्या टप्प्यात आला. डोंबिवलीचा पोरगाही ठाण्याला गाडी बदलून येतो. पण कासारवडवलीचा? त्याची अडचण ठाणे स्टेशननंतर सुरू होत नाही, ती त्याआधी घोडबंदर रोडवरच सुरू होते. असा एक अप्रतिम शूटर मी घेतला होता. सराव नेरुळला, रात्री आठचा. पहिला महिना सगळे दिवस, दुसऱ्यात आठवड्याला दोन, तिसऱ्यात फोन यायला लागले, “दादा, माजिवड्यालाच अडकलोय.” तो खोटं बोलत नव्हता. मीच नकाशा न बघता सही घेतली होती. आता माझा नियम असा: पहिल्या आठातले किमान सहा जण पाऊण तासात पोचणारे हवेत. लांबचा खेळाडू घ्यायचा तर आठवड्यातले त्याचे दोनच सराव धरायचे आणि तेवढ्यावर त्याचं काम बसतं का ते बघायचं. नुसता कोपऱ्यात उभा राहून थ्री मारणाऱ्याचं बसतं. पॉइंट गार्डचं बसत नाही.

मग कॅलेंडर. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दहावीनंतर क्लास लागलेला पोरगा डिसेंबरपासूनच निसटायला लागतो. एका वडिलांनी मला दारातच सांगितलं होतं, “सर, बारावी आहे हो त्याची. फेब्रुवारीपर्यंत बॉल घरात दिसता कामा नये.” मी वाद घातला नाही. त्या पोराची सहा मिनिटं ऑक्टोबरातच दुसऱ्याकडे लिहिली, आणि एप्रिलमध्ये तो परत आला. कॉलेजच्या मुलांच्या सेमिस्टर परीक्षा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सगळं एका मोठ्या कॅलेंडरवर रंगाने भरा. गणपतीत पाच ते सात दिवस कोकणातली पोरं नसणार हे गृहीत धरा आणि त्या आठवड्यात सरावमॅच ठेवून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

नोकरी करणाऱ्यांत दोन जाती. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधला, ज्याची शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर चालते, त्याला सकाळच्या सरावाला बोलावू नका. झोप न झालेल्या पायांना घोटा मुरगळायला फार निमित्त लागत नाही. दुसरी जात रेल्वे, बँक, पोलीस अशा ठिकाणी खेळाडू म्हणून लागलेल्यांची. हे सगळ्यात तयार, पण संस्थेची स्पर्धा असली की ते आधी संस्थेचे. त्यांना घ्यायचं तर संस्थेचं लेखी ना-हरकत पत्र आधी, मिनिटं नंतर. आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तुमचा चांगला खेळाडू एखाद्या मंगळवारी पेढे घेऊन येईल आणि सोमवारपासून दिसणार नाही. पेढा खा, पाठ थोपटा. राखीव दहा रुपये अशाच दिवसासाठी ठेवलेत.

घरचे ज्युनियर

एनबीएमध्ये पंधरा नियमित करारांखेरीज तीन दुहेरी करार असतात. तो खेळाडू विकास लीगच्या संघात वाढतो आणि मोसमात जास्तीत जास्त पन्नास मॅच वरच्या संघाबरोबर असतो. आम्ही हीच गोष्ट मराठीत करतो: अठराखालच्या संघातले तिघे आठवड्याला दोनदा सीनियरबरोबर सराव करतात. बाराच्या यादीत एक जण येतो, बाकीचे दोघे सरावाला दहा जण पूर्ण करतात. हे दहा पूर्ण होणं फार मोलाचं आहे. दुखापत, लग्न, शिफ्ट धरून बाराचे नऊ कधी होतात कळत नाही आणि नऊ जणांत पाच विरुद्ध पाच होत नाही. म्हणून मॅचसाठी बारा असले तरी सरावासाठी पंधरा नावं ठेवा.

बाहेरून आणलेला दोनपेक्षा जास्त नको, असं माझं मत. कोणी याला कोतेपणा म्हणेल. पण शनिवारच्या बॅचला येणारे आईवडीलच निम्मा संघ पोसतात, आणि आपल्यातला पोरगा बेंचवर तरी दिसतोय का, हे ते बघतात.

थ्री-ऑन-थ्रीला, म्हणजे तीन विरुद्ध तीनच्या स्पर्धांना, स्वतंत्र संघ समजा. त्यात दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, बारा सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायचा) आणि बदलीचा धरून चारच खेळाडू. दम आणि अंगाला अंग लावून खेळणं फार. मुख्य संघातला ३२ मिनिटांचा माणूस तिथे प्रत्येक रविवारी पाठवलात तर मोठ्या मॅचला तो लंगडत येईल. मुलींच्या संघालाही हाच कागद लागू पडतो, बॉल फक्त सहा नंबरचा. कोर्टाचा वेळ मात्र दोघांत समान वाटा. आठ ते दहा मुलांना आणि दुपारचं ऊन मुलींना, हे आमच्याकडेही बरीच वर्षं चाललं. ते बदलल्यावर मुलींची हजेरी कुठल्याही भाषणाशिवाय सुधारली.

बोलणी आणि एक पानी कागद

यादी मनात पक्की झाली की आधी ताऱ्याशी बोलायचा मोह होतो. उलट करा. अकराव्या-बाराव्याशी आधी बोला. शून्य मिनिटं ऐकून जो थांबतो, तो का थांबतो हे समजून घ्या. कुणाला शिकायचं असतं, कुणाला नुसती संगत हवी असते, कुणी खरंच पुढच्या वर्षीच्या आशेवर असतो. “दादा, खेळवणार असाल तर सांगा, नाहीतर मी क्लास लावतो,” असं तोंडावर विचारणारा पोरगा मला आवडतो. त्याला खरा आकडा सांगायचा. ‘बघू, तू मेहनत कर’ हे उत्तर डिसेंबरमध्ये व्याजासकट परत येतं.

सगळ्यांशी बोलताना कोच शेजारी हवाच. खेळाडूंच्या आधी कोच ठरलेला असायला हवा हे ओघानेच आलं. पळणारा, प्रेस लावणारा कोच असेल तर दहा जण खेळवावे लागतात. आठांवर विश्वास ठेवणारा असेल तर बाराव्या जागेवर पैसे घालवू नका.

कागद एक पानाचा पुरतो, मराठीत. त्यात लिहा: मोसम कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, रक्कम किती आणि कधी, सरावाची किमान हजेरी, इतर स्पर्धांत खेळायची परवानगी कोणाकडून घ्यायची, दुखापत झाली तर एमआरआय आणि फिजिओचा खर्च कोण करणार, मधेच सोडायचं झालं तर काय. पैसे तीन हप्त्यांत द्या: सहीच्या वेळी थोडे, मध्यात, शेवटी. एका वर्षी मी निम्मे आधीच दिले आणि शेजारच्या एका क्लबने माझा विंगचा खेळाडू दिवाळीनंतर उचलला. कायद्याने काही करता आलं नाही, कारण कागदच नव्हता. टीडीएसचं सीएला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

जुन्या दुखापती लेखी घ्या. गुडघ्याचं लिगामेंट फाटून ऑपरेशन झालेलं असेल तर किमान नऊ महिने झालेत का, आणि फिजिओने उडी मारून उतरताना बघितलंय का, हे विचारल्याशिवाय मिनिटं लिहू नका. जन्मदाखला आणि आधार मूळ प्रत बघूनच फाइलला लावा. जुन्या क्लबचं ना-हरकत, जिल्हा संघटनेकडची नोंदणी आणि तिची शेवटची तारीख, हे सगळं एका माणसाकडे द्या. दोघांकडे दिलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने केलं.

शेवटची यादी आणि जर्सी

यादी लावताना बारावी जागा लगेच भरू नका. स्पर्धेचे नियम मधल्या नोंदणीला परवानगी देत असतील तर अकरावर थांबा. सप्टेंबरमध्ये न दिसलेला माणूस नोव्हेंबरमध्ये दिसतो: कुणाची बदली पनवेलला झालेली असते, कुणी पुण्याचं कॉलेज सोडून परत आलेला असतो. जागा रिकामी असली तर त्याला घेता येतं, नसली तर आधी कुणाला तरी दुखवावं लागतं.

मिनिटांचा कागद ड्रेसिंग रूममध्ये लावू नका. तो तुमचा आणि कोचचा. दर चार मॅचनंतर वहीतल्या खऱ्या मिनिटांशी ताडून बघा. ३२ वाला ३७ खेळतोय आणि १६ वाला सातवर आलाय असं दिसलं तर त्याच आठवड्यात कोचबरोबर चहाला बसा.

जर्सी यादीनंतरच टाका. दोन सेट लागतात, एक फिकट आणि एक गडद, दोन्हींवर प्रत्येकाचा नंबर तोच. शून्य, दोन शून्य आणि एक ते नव्याण्णव, यातला कुठलाही चालतो, त्यामुळे सात नंबरवरून भांडण झालं तर एकाला सत्त्याहत्तर द्या आणि विषय संपवा. माप घेताना पोरं हमखास एक साइज लहान सांगतात. आणि छापणाऱ्याला दोन्ही रंगांत एकेक डबल एक्सएल जर्सी कोरी ठेवायला सांगा, पाठीवर नंबर न टाकता. बारावा माणूस सापडला की नंबर दुसऱ्या दिवशी छापून मिळतो.